योजनेला नाव कोणाचं?

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय तो असा: राजकीय पक्षांची ओळख आणि अर्थव्यवस्थेत, आरोग्यसेवेत सरकारची भूमिका. एवढा मोठा विषय तासाभरात मांडायचा म्हणजे प्रत्येक गोष्टीला नुसता हात लावून पुढे जायचं. मी तसं करणार नाही. आरोग्याचं एकच टोक धरतो आणि एकेकाळच्या शेजारच्या राज्यापासून सुरुवात करतो.

एप्रिल २००७ मध्ये आंध्र प्रदेशात राजशेखर रेड्डींच्या काँग्रेस सरकारनं 'राजीव आरोग्यश्री' सुरू केली. गरीब कुटुंबाच्या हातात कार्ड, ऑपरेशन बहुतेक खासगी इस्पितळात आणि बिल सरकारकडे. २०१४ साली चंद्राबाबू नायडू आले, योजना त्यांचे सासरे एन. टी. रामाराव यांच्या नावानं 'एनटीआर वैद्य सेवा' झाली. २०१९ साली राजशेखर रेड्डींचे चिरंजीव जगन मोहन रेड्डी आले, योजना वडिलांच्या नावानं 'डॉ. वायएसआर आरोग्यश्री' झाली. २०२४ मध्ये नायडू परतले आणि त्यांच्यामागून एनटीआरही परतले. या सगळ्या काळात आजारांची यादी वाढली, रकमेची मर्यादा वाढली. पण कार्ड घेऊन खासगी इस्पितळात जायचं आणि पैसे सरकारनं भरायचे, या रचनेला कोणी धक्का लावला नाही. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे पक्ष, पण पाटी सोडून बाकी सगळ्यावर त्यांचं एकमत!

हसू नका, आपल्याकडे वेगळं काही नाही. १९९७ साली युतीच्या सरकारनं 'जीवनदायी' आणली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या दुखण्यांसाठी मदत. जुलै २०१२ मध्ये आघाडी सरकारनं तिला विम्याचं रूप देऊन आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू केली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर नेली. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड, दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७२ प्रक्रिया. कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता सरकार विमा कंपनीला भरायचं. २०१७ साली भाजप-शिवसेनेच्या सरकारात तिचं नाव 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झालं. २०२० साली, महाविकास आघाडी सत्तेवर असताना, केंद्राची 'आयुष्मान भारत' तिला जोडली गेली. २०२३ मध्ये महायुतीनं पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना पाच लाखांचं कवच जाहीर केलं आणि जुलै २०२४ पासून ते लागू झालं.

म्हणजे गेल्या पाव शतकात या राज्यात सत्तेवर आलेल्या प्रत्येक मोठ्या पक्षाचा या योजनेला हात लागलेला आहे. निवडणुकीच्या सभेत प्रत्येक जण ती आपलीच म्हणून सांगतो, आणि गंमत म्हणजे त्यात कोणीच खोटं बोलत नाही.

आता एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनाशीच द्या. आजारी माणसाला बरं करण्याच्या कामात सरकारनं काय करावं, याबद्दल भाजपचं मत काय आहे आणि काँग्रेसचं काय? दोन्ही शिवसेनांची, दोन्ही राष्ट्रवादींची मतं एकमेकांपासून कुठे वेगळी होतात? सरकारनं स्वतः दवाखाना चालवावा की दुसऱ्याच्या दवाखान्याचं बिल भरावं? इतका साधा प्रश्न आहे, आणि या पक्षांचे निष्ठावान कार्यकर्ते इथे बसले असतील तर त्यांनाही आपल्या पक्षाचं उत्तर सांगता येणार नाही. त्यांना दोष देत नाही. पक्षानं त्यांना ते कधी सांगितलेलंच नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. आपल्याकडे पक्षाची ओळख जात, प्रदेश, भाषा, धर्म, घराणं, साखर कारखाना अशा पुष्कळ गोष्टींतून घडते. सरकारनं काय करावं आणि काय करू नये, या प्रश्नातून ती क्वचितच घडते. त्यामुळे सरकारच्या कामाबद्दलचा वाद आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा तो नावाचा वाद झालेला असतो.

हे पहिल्यापासून असंच होतं का, ते बघायला थोडं मागे जाऊ.

१९४४ साली मुंबईतून एक योजना प्रसिद्ध झाली. ती 'बॉम्बे प्लॅन' म्हणून ओळखली जाते. ती तयार करणारे कोण? जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ... देशातले बडे उद्योगपती आणि त्यांचे जाणकार. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चावेत, असा आराखडा त्यांनी मांडला. त्यात आरोग्याला ४५० कोटी आणि शिक्षणाला ४९० कोटी होते. आणि अर्थव्यवस्थेवर सरकारचा भरपूर ताबा असावा, हे या भांडवलदारांनीच लिहून दिलं होतं. दोन वर्षांनी देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर जन्मानं नाशिकचे, शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नोकरी केली इंग्रज सरकारची. त्यांच्या समितीनं सांगितलं की ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये. डॉक्टर सरकारी पगारावर असावा. आणि सुरुवातीला चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. आज आपल्या तालुक्यात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी जी उतरंड दिसते, तिचा मूळ आराखडा हा. उद्योगपती आणि ब्रिटिशांचे अधिकारी एकाच दिशेनं बोलत होते. काँग्रेसही त्याच दिशेला होती. १९५५ साली मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात तिनं 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हे ध्येय ठरवलं. तेव्हाही वादच नव्हता!

वाद आला १९५९ मध्ये. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. बॉम्बे प्लॅनवर सही करणारे श्रॉफ त्याआधीच, १९५६ साली, मुक्त उद्योगाचा मंच काढून बसले होते. सरकारनं बाजारात किती शिरावं या एका प्रश्नावर उभा राहिलेला मोठा पक्ष आपल्या इतिहासात हाच, असं मी म्हणेन. १९६७ साली लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. १९७४ मध्ये तो विलीन होऊन संपला. पुढे १९९४ साली शरद जोशींनी 'स्वतंत्र भारत पक्ष' काढून तोच धागा शेतकऱ्याच्या बाजूनं उचलला: सरकारनं आमच्या मालाच्या बाजारातून बाहेर व्हावं. त्यांच्या सभांना लाखांनी लोक आले, मतं मात्र आली नाहीत. का आली नाहीत हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय, आणि त्यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक माणसं या सभागृहात आहेत.

मग या दरम्यान एक गमतीदार कायदा झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ हे कलम घातलं गेलं. पक्षाची नोंदणी करायची तर घटनेतल्या समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आपली निष्ठा आहे, असं पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं. म्हणजे मुक्त बाजारपेठेचा कितीही कट्टर भक्त असो, नोंदणीच्या टेबलावर त्याला समाजवादी व्हावंच लागतं. भाजपला तर त्याआधी सक्तीचीही गरज पडली नव्हती. १९८० च्या डिसेंबरात मुंबईत वांद्र्याला त्या पक्षाचं पहिलं मोठं अधिवेशन झालं, वाजपेयी अध्यक्ष होते, आणि पक्षानं 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता. अकरा वर्षांनी परवाना राज मोडलं ते काँग्रेसच्या पंतप्रधानांनी. विमा क्षेत्रात परकी भांडवलाची मर्यादा वाढवायला विरोधात असताना भाजपनं विरोध केला आणि २०१५ मध्ये सत्तेवर आल्यावर ती ४९ टक्क्यांवर नेली. जीएसटी मांडला काँग्रेस आघाडीनं, तेव्हा गुजरात सरकार विरोधात होतं. तो प्रत्यक्षात आणला गुजरातच्या त्याच माजी मुख्यमंत्र्यांनी, आणि मग त्यात खोट काढायचं काम काँग्रेसकडे आलं. रोजगार हमीला नरेंद्र मोदींनी २०१५ साली लोकसभेत काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं. २०२०-२१ मध्ये, कोविडच्या वर्षी, त्याच योजनेवर त्यांच्या सरकारनं एक लाख कोटींहून जास्त खर्च केला, आणि योग्यच केलं.

कोणी म्हणेल, हा तर व्यवहारीपणा आहे, यात वाईट काय? वाईट नाही. पण मग पक्षाचं भूमिकापत्र वाचून त्याचं सरकार काय करील हे ओळखता येत नाही. तो पक्ष सभागृहात कोणत्या बाकावर बसलाय ते बघूनच ओळखावं लागतं.

इंग्लंड-अमेरिकेकडे बोट दाखवून 'तिथे कसं स्वच्छ डावं-उजवं असतं' असं म्हणायची आपल्याला सवय आहे. इंग्लंडमध्ये १९४६ साली राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विधेयकाविरुद्ध हुजूर पक्षानं मतदान केलं हे खरं. पण जुलै १९४८ मध्ये ती सेवा सुरू झाली, तीन वर्षांनी हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्यानं ती मोडली नाही. अमेरिकेची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. प्रत्येकानं विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेनं मांडली, २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती अमलात आणली, आणि २०१० मध्ये ओबामांनी ती देशाच्या कायद्यात घातली तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्यानं बाजूनं मत दिलं नाही. २०१३ साली सीएनबीसीनं एक पाहणी केली. लोकांना दोन गटांत विभागून एकच कायदा दोन नावांनी विचारला. 'ओबामाकेअर' म्हटल्यावर विरोध करणारे ४६ टक्के निघाले, 'अफोर्डेबल केअर ॲक्ट' म्हटल्यावर ३७ टक्के. तिथेही नावाला मतं आहेत. फरक इतकाच, की ते नाव विरोधकांनी हिणवायला ठेवलेलं होतं. आपल्याकडे सरकार स्वतःच ठेवतं.

आता मुद्द्याकडे येतो. कार्डाच्या योजनेवर सगळ्या पक्षांचं इतकं एकमत का?

एक कारण उघड आहे. दवाखाना बांधायला पाच वर्षं लागतात, आणि पगार कायमचे मागे लागतात. कार्ड तीन महिन्यांत छापून होतं आणि त्यावर फोटो छापता येतो. ऑपरेशन झालेल्या माणसांची संख्या विधानसभेत सांगता येते. डेंग्यू न झालेल्या माणसांची संख्या कशी सांगणार? दुसरं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. १९८३ नंतर वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांचं दार उघडलं. इंजिनीयरिंगच्या मागोमाग मेडिकल कॉलेजं आली, त्यांची इस्पितळं आली, आणि संस्थाचालक म्हणून सर्वपक्षीय पुढारी आले. सरकारनं खासगी इस्पितळाचं बिल भरायचं ठरवलं की खाट कोणाची भरते हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. मी कोणाचं नाव घेत नाही. तुमच्या जिल्ह्यातली नावं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.

या योजनेनं माणसं वाचली नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची केमो यांसाठी शेत विकावं लागलं असतं अशी हजारो घरं तिच्यामुळे तरली. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतले ६४ लोकांच्या खिशातून थेट जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. ही घट लहान नाही. तिचं श्रेय एकट्या कार्डाला जात नाही, पण काही जातं.

पण कार्ड उघडतं ते इस्पितळात भरती झाल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी, बाळाचा ताप, आईची पाठ, एक्स-रे, रक्त-लघवी, हे सगळं बाहेर. सामान्य घराचा पैसा मुरतो तो याच्यात. भरती व्हायचं तरी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेलं, रुग्णालय जवळ हवं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपुरात अशा रुग्णालयांची रांग आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या आतल्या गावाला मात्र आधी गाडीभाड्याची सोय बघावी लागते. पोचल्यावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला मदतनीस, सांगतो, तुमचा आजार पॅकेजमध्ये बसत नाही. कधी इस्पितळ सांगतं, योजनेचे बेड भरलेत, पैसे भरत असाल तर आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपण सोडून एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५. म्हणजे गरीबाला खरा आधार सरकारी खाटेचाच होता. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगला निर्णय होता, पण त्याचे फलक किती दिसले? केसपेपरवर कोणाचा फोटो लावणार!

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. लाडक्या बहिणीला महिना १,५०० मिळत होते. महायुती म्हणाली २,१०० करू, महाविकास आघाडी म्हणाली ३,००० देऊ. आरोग्यात पाच लाखांचं कवच होतं, आघाडीनं २५ लाखांचा विमा जाहीर केला. लिलावात बोली लावावी तसं चाललं होतं. वस्तू एकच, आकडा वेगळा. पाचाचे पंचवीस लाख झाले म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर येतो का, हे त्या गदारोळात कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही विचारलं नाही.

याच राज्यानं एकदा वेगळं करून दाखवलंय, म्हणून मला याचा जास्त त्रास होतो. ती हकिकत जरा सावकाश सांगतो.

वि. स. पागे हे तासगावकडचे सर्वोदयी वळणाचे काँग्रेसवाले आणि विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांनी विसापूर भागात प्रयोग केला: जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांच्या घरात तेव्हाची माणसं आहेत त्यांनी सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, आणि मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. सरकार काँग्रेसचं, वसंतराव नाईकांचं. रस्त्यावर शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट. त्यांचं एकमेकांशी काडीचं जमत नव्हतं आणि या प्रश्नावर ते भांडलेही भरपूर. मजुरी किती असावी? मोठ्या बागायतदाराला मजूर मिळेनासा होईल त्याचं काय? पैसा कुठून आणायचा? 'सरकारनं काय करावं' या प्रश्नावरचा हा खराखुरा वाद होता.

त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा निघाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. रक्कम किरकोळ, दिवसाला किमान एक रुपया, पण तो कायद्यानं देणं लागत होता. पैशासाठी १९७५ मध्येच शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. तुमच्या पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात ना, त्याचा जन्म तिथला. मुंबईच्या कारकुनानं सांगोल्याच्या मजुराची मजुरी भरायची, ही कल्पना सगळ्या पक्षांनी मिळून विधिमंडळात मंजूर केली. मुंबईकर इतके उदार होते असं मी मानत नाही. गावात काम मिळालं नाही तर ती माणसं दादरच्या फुटपाथवर येतील, हा हिशोबही त्यात असणार. असेना का. हिशोब मांडला गेला, तो कोण भरणार हे उघड ठरलं. २००५ साली देशाचा कायदा झाला तेव्हा नमुना म्हणून समोर महाराष्ट्राचाच होता.

त्या कायद्यावर कोणाचं नाव नव्हतं. पागे यांचं नावही आज किती जणांना माहीत असेल?

तामिळनाडूत हे आणखी स्वच्छ दिसतं, कारण तिथे दोन पक्षांचं वैर टोकाचं होतं. विमा योजना करुणानिधींनी २००९ मध्ये 'कलैञर' या आपल्याच बिरुदानं सुरू केली. २०११ साली जयललिता आल्या, ती बंद झाली आणि २०१२ च्या जानेवारीत 'मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा' आला. आपल्याला ओळखीचंच. पण १९९४ साली जयललितांच्याच काळात तिथे एक सरकारी कंपनी निघाली होती, तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ. काम अगदी नीरस: औषधं खरेदी करणं. वर्षाला निविदा, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक. जितकं औषध उचललं तितकी रक्कम वजा. १९९६ साली द्रमुक आला, पुन्हा अण्णाद्रमुक आला, पुन्हा द्रमुक. महामंडळ तसंच चालू राहिलं. केरळनं ते उचललं. राजस्थाननं २०११ मध्ये त्याच धर्तीवर महामंडळ काढून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, आणि काँग्रेसनं सुरू केलेलं ते काम भाजपच्या सरकारनंही चालू ठेवलं. आपल्याकडे खरेदीचं काम २०१७ साली हाफकिन या लसी बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडे दिलं गेलं, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला, आणि मधल्या वर्षांत 'हे बाहेरून आणा' ही चिठ्ठी कोणाच्या हातात पडली नाही? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यातली बारा नवजात बाळं होती. विरोधक म्हणाले औषधं नव्हती, प्रशासन म्हणालं होती. आठवडाभर दोन्हीकडून पत्रकार परिषदा झाल्या आणि मग विषय बदलला.

इथे तुम्ही मला अडवायला हवं. औषध महामंडळाला नाव नाही म्हणून ते टिकलं म्हणता, पण प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कोणाचं नाव नाही, मग ते का खंगलं? खरी अडचण आहे ही, आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. मला वाटतं, तामिळनाडूतला मतदार सरकारी दवाखान्यात जात राहिला. त्याच्या मतावर जगणाऱ्या दोन्ही पक्षांना तो दवाखाना चालवून दाखवावा लागला. आपल्याकडे ज्याचा आवाज पोचतो तो माणूस, म्हणजे मी आणि या सभागृहातले बहुतेक, त्या रांगेतून कधीच बाहेर पडलो. मुंबईत केईएम, सायन, नायर अजून उभी आहेत, कारण निम्म्या मुंबईला दुसरा आसरा नाही आणि महापालिकेत कोणीही आलं तरी त्यांना हात लावायची कोणाची छाती होत नाही.

राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी कोणत्याही इस्पितळानं आधी पैसे न मागता उपचार करायचे. खासगी डॉक्टर रस्त्यावर आले, इस्पितळं बंद झाली, एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली. डॉक्टरांचा एक प्रश्न रास्त होता: आमचे पैसे कोण, कधी देणार? त्यावर पक्षांनी समोरासमोर बसून भांडायला हवं होतं. डिसेंबरात सरकार बदललं, कायदा नियमांवाचून पडून राहिला. तिथल्या 'चिरंजीवी' विमा योजनेचं नाव मात्र लगेच बदललं गेलं.

आकडेही दोन्ही आघाड्यांचे सारखेच आहेत. वाजपेयींच्या काळातलं २००२ चं धोरण म्हणालं, २०१० पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के करू. २००४ साली मनमोहन सिंग सरकारच्या किमान समान कार्यक्रमानं २ ते ३ टक्के म्हटलं. २०१७ चं धोरण म्हणालं, २०२५ पर्यंत २.५ टक्के. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या काळात, केंद्र आणि राज्यं मिळून आपण १.८४ टक्क्यांवर होतो.

शेवटचा मुद्दा, मग प्रश्नोत्तरं. आरोग्य हा विषय राज्यांचा; आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेजचं इस्पितळ तिसऱ्याच खात्याचं. कार्डाची योजना मुंबईतून चालते. तुमच्या सर्वांत जवळचा जो सरकारी डॉक्टर, त्याच्यावर देखरेख ठेवायची ती जिल्हा परिषदेनं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि मुंबई महापालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसले. म्हणजे दवाखान्याच्या दारात कोणत्याच पक्षाला जाब विचारायची सोय नव्हती. त्या काळात एकाही पक्षानं यासाठी रास्ता रोको केल्याचं मला आठवत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेचा उमेदवार मत मागायला आला की त्याचा पक्ष विचारू नका, तो त्याच्या गळ्यात दिसतोच. आपल्या गटातल्या केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर आहेत, त्यातली किती भरलीत ते विचारा. रक्तदाबाची गोळी गेल्या सहा महिन्यांत किती दिवस शिल्लक नव्हती ते विचारा. त्याला सांगता येणार नाही. हरकत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे त्याच्या नोंदी असतात, आणि त्यानं दिल्या नाहीत तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.